तीन लिटर काळ्या तेलाची पावती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या अंकात एका वाचकाने लिहिलं होतं की डिझेल गाडीचं इंजिन ऑइल घरच्या घरी बदलता येतं, त्यासाठी सर्व्हिस सेंटरला हजारो रुपये कशाला मोजायचे. पत्र मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा आमच्या हिने चष्मा लावून मोठ्याने वाचून दाखवलं, कारण तिला संशय होता की मीच टोपणनावाने लिहिलंय. मी लिहिलेलं नव्हतं. त्या गृहस्थांचं म्हणणं नव्वद टक्के खरं आहे. उरलेल्या दहा टक्क्यांपायी मात्र मी सध्या आमच्या सोसायटीत आरोपी आहे, म्हणून हे पत्र. लांबलंय. जागेअभावी कापायचं तर मधलं कापा, शेवटचं ठेवा.

आधी माझी ओळख. मी एकतीस वर्षं बोटीवर काढली, सगळी इंजिन रूममध्ये. वायपर, म्हणजे पुसापुशी करणारा, म्हणून चढलो, बहुतेक नोकरी ऑइलर, म्हणजे यंत्रांना तेल घालणारा, म्हणून झाली, शेवटची काही वर्षं फिटर. गाव गुहागर तालुक्यात, घर विक्रोळीला कन्नमवार नगरात. बोटीवरून शेवटचा उतरलो २०१४ साली. त्याच्या आदल्या वर्षी सुट्टीवर आलो होतो तेव्हा स्विफ्ट घेतली, डिझेल, एमएच ०३ची. १२४८ सीसीचं ते मूळ फियाटचं इंजिन. मारुतीने २०२०च्या एप्रिलपासून डिझेल गाड्या बनवणं बंद केलं, पण आमची अजून एका सेल्फमध्ये उठते.

गाडीचं तेल स्वतः बदलायची वेळ का आली ते सांगतो. बोटीवर एक साधी सवय असते. नट घट्ट केला की नट आणि त्याखालची बैठक यांच्यावरून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढायची. नट जरा जरी हलला तरी रेघ तुटते आणि लांबूनच कळतं. त्याच सवयीने मी गाडीच्या ऑइल फिल्टरची टोपी आणि तिचं घर यांवर रेघ ओढून गाडी सर्व्हिसिंगला दिली. संध्याकाळी गाडी धुऊन-पुसून आली, आत अत्तराचा वास, बिलात ‘ऑइल फिल्टर – १ नग’. बॉनेट उघडलं तर माझी रेघ तशीच्या तशी, मधे केसाएवढाही भंग नाही. मी भांडलो नाही. सुपरवायझर माझ्या मुलीच्या वयाचा होता आणि त्याला ती रेघ म्हणजे काय हेच समजेना. त्याचं नाव किंवा दुकानाचं नाव मी इथे लिहीत नाही. तेव्हापासून गाडीच्या तेलाला मी दुसऱ्याचा हात लागू दिलेला नाही.

काम अवघड नाही, हे त्या वाचकाचं म्हणणं मान्य. पण त्यांनी ते जितक्या सहज लिहिलंय तितक्या सहज करू नका. इंजिन आधी पाच-दहा मिनिटं चालू ठेवायचं. थंड तेल जाड असतं, काजळी तळाशी बसलेली असते, ती तळाशीच राहते. आणि लांबचा पल्ला मारून आल्या आल्या हात घातलात तर कातडी सोलून निघेल. कोमट म्हणजे बाळाच्या आंघोळीच्या पाण्याहून थोडं जास्त. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. मी खाली दोन लोखंडी घोड्या लावतो, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी विटा, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये. शिवाय आमच्या हिला खुर्ची टाकून बाजूला बसवतो. तिला गाडीतलं काही कळत नाही, पण ती ओरडू शकते.

वरचं तेल भरायचं झाकण उघडून ठेवा, म्हणजे खालून धार सलग पडते. ड्रेन नट पान्ह्याने फक्त सैल करायचा, पुढचे आटे बोटांनी फिरवायचे, आणि फिरवताना नट आत दाबून धरायचा. शेवटचा आटा सुटला की झटकन हात बाजूला. तेल सरळ खाली पडत नाही, आधी पुढे झेप घेतं आणि मग जोर कमी होत मागे मागे येतं. पसरट टब ठेवताना हे लक्षात घेतलं नाही तर पहिला अर्धा कप जमिनीवर जातो. माझाही गेला होता. वर्तमानपत्र अंथरलेलं होतं, आपलंच. धार संपून थेंब सुरू होतात तेव्हा घाई करू नये. ते थेंब मला बघत बसायला आवडतात. मग नटाचं वायसर नवं, फिल्टर नवा, टोपीची रबरी रिंग नवी, तिला बोटाने नव्या तेलाचा हात. जुनी रिंग खाचेत चिकटून राहिली नाही ना, ते बघायचं. एकावर एक दोन रिंगा बसल्या तर पहिल्याच सिग्नलला सगळं तेल रस्त्यावर. तेल आमच्या गाडीला तीन लिटरच्या थोडं वर लागतं. आधी तीन लिटर ओता, दहा मिनिटं थांबा, तेलाची पातळी मोजायची पट्टी बघा, मग थोडं थोडं. इंजिन सुरू केल्यावर तेलाच्या दाबाचा लाल दिवा दोन-तीन सेकंदांनी विझतो. तोवर अॅक्सिलरेटरला पाय लावायचा नाही, कारण टर्बोचा, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतो आणि तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. तो थर अजून तिथे पोचलेला नसतो.

आता माझी फजिती. पहिल्यांदा नट परत बसवला तो बोटीवरच्या हाताने. आयुष्यभर हाताएवढे पाने फिरवलेले, त्यामुळे ‘पुरे’ म्हणजे किती याचा अंदाजच वेगळा. एक हलकीशी कुर्रर्र झाली आणि पान्हा एकदम मऊ पडला. आटे गेले. तीन लिटर नवं तेल हाताशी, गाडी घोड्यांवर, रविवार सकाळचे साडेसात. मुलगी वरून गॅलरीतून विचारतेय, “बाबा, झालं का? मला दहाला निघायचंय.” ती रिक्षाने गेली. संपचे, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याचे, आटे नव्याने पाडून, आत स्प्रिंगसारखी जाळी बसवून घेण्यात चार दिवस गेले, आणि त्या वर्षी वाचवलेले पैसे तिथेच संपले. ज्याने ते काम केलं त्या कुर्ल्याच्या कारागिराने मला फक्त एवढंच विचारलं, “चाचा, ट्रक चलाते थे क्या?”

त्या वाचकाने लिहिलं आहे की नवं तेल दोनच दिवसांत काळं पडलं तर तेल नकली समजावं. हे चूक आहे, आणि असल्या समजुतीपायी भले मेकॅनिक बदनाम होतात. डिझेलच्या इंजिनात काजळी होतेच, आणि संपच्या कोपऱ्यांत, नळ्यांत, थोडं जुनं तेल राहतंच. मधासारखं तेल ओतून गाडी पाच मिनिटं चालवली तरी पट्टी काळी येते. ती काजळी तेलाने धरून ठेवायची असते, तेच त्याचं काम. डिझेलचं तेल बरेच दिवस स्वच्छ राहिलं तर मला उलट काळजी वाटेल. नकली तेल ओळखायची माझ्याकडे रंगाची युक्ती नाही. मी एवढंच करतो, की ओळखीच्या दुकानातून बिल घेऊन डबा घेतो आणि रिकाम्या डब्याला भंगारात देण्याआधी खिळ्याने चार भोकं पाडतो. भंगारवाला नाराज होतो. भोक नसलेल्या, बूच शाबूत असलेल्या डब्याला तो जास्त पैसे द्यायला तयार असतो. का, ते आपणच समजून घ्यावं.

आणि ते ‘दहा हजार किलोमीटरला बदला’. हे मुंबईत मला पटत नाही. मुलगी गाडी बीकेसीला नेते. सरासरी वेग तासाला पंधरा किलोमीटर धरा, तो धरतानाही मी उदार झालोय. दहा हजार किलोमीटरला इंजिन साडेसहाशे तासांच्या वर चाललं. तेच पुण्या-कोल्हापूरकडे ऐंशीच्या वेगाने चालणारी गाडी असेल तर सव्वाशे तास. किलोमीटरचा आकडा दोन्हीकडे सारखाच. बोटीवर इंजिनाचं वय कुणी मैलांत मोजत नाही, रनिंग अवर्समध्ये मोजतात. मी पाच हजारांना बदलतो. ज्यांच्याकडे २०२०नंतरची बीएस-६ डिझेल गाडी आहे त्यांच्यासाठी आणखी एक. त्या गाडीत धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो, तो अधूनमधून तापून स्वतःची काजळी जाळतो, आणि त्यासाठी बहुतेक गाड्यांत जादा डिझेल फवारलं जातं. विक्रोळी ते घाटकोपर अशा छोट्या, रखडत्या फेऱ्यांत ते जाळणं अर्ध्यावर सुटतं आणि न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली तेलात उतरतं. अशा गाडीच्या पट्टीवर तेल कमी झालेलं दिसत नाही, वाढलेलं दिसतं. लोक खूश होतात, “बघा, थेंबभर खात नाही!” ते तेल पातळ झालेलं असतं. पट्टी वरच्या खुणेच्या वर गेली तर गाडी दाखवून घ्या. त्या गाडीला जळल्यावर कमी राख उरणारं तेल लागतं, ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. स्वस्त मिळालं म्हणून ट्रकचं तेल ओतू नका.

इथवर त्या वाचकाचं आणि माझं फारसं भांडण नाही. पण त्यांचं पत्र “जुने तेल काढून टाकावे व नवीन भरावे” इथे संपतं. काढून टाकावे. कुठे टाकावे?

संपादक महाशय, बोटीवर मेन इंजिनाचं तेल उठसूट बदलत नाहीत, धुतात. मोठ्या बोटीच्या संपमध्ये दहा-वीस हजार लिटर तेल असतं, ते कोण ओतून टाकणार? प्युरिफायर नावाचं यंत्र दिवसरात्र चालू असतं. ते तेलाला नव्वद अंशांच्या आसपास तापवून गरगरा फिरवतं, पाणी आणि गाळ बाजूला काढतं. ठरावीक दिवसांनी बाटलीभर नमुना किनाऱ्यावरच्या लॅबला जातो. पाणी किती, लोखंड किती, किती दम उरलाय, सगळं कागदावर येतं. लोखंड वाढलं म्हणजे इंजिन झिजतंय, मग सेकंड इंजिनिअर साहेबांना जेवण जात नाही.

आणि जो गाळ निघतो, जे खरकटं तेल साठतं, त्याच्या प्रत्येक टाकीचा हिशेब एका वहीत लिहावा लागतो. ऑइल रेकॉर्ड बुक. मार्पोल नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याचा तेलाबद्दलचा भाग १९८३च्या ऑक्टोबरपासून लागू आहे. मी बोटीवर चढलो तेव्हा तो नवाच होता आणि जुने खलाशी त्याला शिव्या घालायचे. कुठल्या टाकीत किती होतं, किती जाळलं, किती किनाऱ्यावर दिलं, कोणत्या बंदरात दिलं, सगळं तारखेसकट, खाली इंजिनिअरची सही, प्रत्येक पान भरलं की कॅप्टनची. शेवटच्या नोंदीनंतर वही तीन वर्षं जपायची. समुद्रात सोडायच्या बिल्जच्या, म्हणजे बोटीच्या तळाशी साठणाऱ्या, पाण्यात तेल दहा लाखात पंधरा भागांपेक्षा जास्त चालत नाही. बंदरात तपासनीस चढला की सगळ्यात आधी जी पुस्तकं मागतो त्यात हे असतं. वही आणि टाकीतली पातळी जुळली नाही तर बोट अडकते, आणि काही देशांत इंजिनिअर तुरुंगात जातो.

हे सगळं आम्ही मुकाट्याने करत होतो याचं कारण आम्ही साधू होतो असं नाही. कारण एवढंच, की बंदरावर तेल घेणारा असायचा. समुद्रात टाकू नका म्हणणाऱ्याच करारात सरकारांवर बंधन आहे की तुमच्या बंदरांत ते उतरवून घ्यायची सोय ठेवा. बार्ज किंवा टँकर यायचा, पाईप जोडला जायचा, तेल जायचं, पावती मिळायची, ती वहीला टाचली जायची.

आता मी घरी आहे, आणि दर खेपेला माझ्याकडे तीन लिटर काळं तेल उरतं.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या नोटीस बोर्डावर कागद लागला. आवारात वाहनदुरुस्तीला सक्त मनाई, गटारात ऑइल ओतल्यास पाचशे रुपये दंड. झालं असं होतं, की पंप हाऊसच्या मागे पावसाच्या पाण्याच्या जाळीवर काळा ओघळ दिसला होता. आवारात गाडीखाली झोपणारा माणूस एकच, तो मी. चोर शोधायला कुणाला कष्ट पडले नाहीत. वास्तविक त्या आठवड्यात दुसऱ्या विंगमध्ये मोटारसायकलवरून येणारा एक घरपोच सर्व्हिसवाला येऊन गेला होता. त्याने गाडीचं काम केलं, पैसे घेतले, आणि जाताना त्याच्या मोटारसायकलवर तेलाचा कॅन नव्हता. हे वॉचमनने पाहिलं, पण वॉचमनला कोण विचारतो.

मी चिडून सेक्रेटरींना घरी बोलावलं आणि बाल्कनीतले माझे कॅन दाखवले. तिन्हींवर मार्करने तारीख, किलोमीटर, किती लिटर. “हे बघा, थेंब ना थेंब इथे आहे.” त्यांनी कॅन बघितले आणि त्यांचा चेहरा आणखी गंभीर झाला. “काका, तुम्ही ऑइल घरात साठवता? सातव्या मजल्यावर? आग लागली तर?” मी सांगितलं, इंजिन ऑइल दोनशे अंशांच्या आसपास तापल्याशिवाय पेटण्याजोगी वाफ सोडत नाही, तुमच्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरपुढे ही गरीब गाय आहे. ते काही त्यांना पटलं नाही. म्हणजे ओतलं तर पाचशे रुपये दंड, नाही ओतलं तर आगीचा धोका. मी त्यांना विचारलं, मग काय करू, पिऊ?

त्यांची नोटीस बरोबर आहे, हे मी तेव्हाही कबूल केलं. मुंबईत पावसाच्या पाण्याची जाळी म्हणजे सांडपाण्याचं गटार नव्हे. तिच्यातलं पाणी कुठल्याही शुद्धीकरण केंद्रात जात नाही, नाल्यातून सरळ खाडीत जातं. आमच्या इथून ठाणे खाडी हाकेवर आहे. हिवाळ्यात तिथे फ्लेमिंगो उतरतात, २०२२ साली ती खाडी रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आली. ७ ऑगस्ट २०१०ला मुंबईबाहेर चित्रा आणि खलिजिया या दोन बोटी आपटल्या तेव्हा मी सुट्टीवर घरी होतो. तिवरांच्या मुळांवर चढलेला तो काळा थर पेपरात बघितला, आणि पुढे किती तरी दिवस आमच्या घरात पापलेट आलं की आधी हुंगलं जायचं. पहिल्या पानावर बातमी होती, कंटेनर तरंगतानाचे फोटो होते. पंप हाऊसमागच्या तीन लिटरचा फोटो कुणी काढत नाही. पण अशी पंप हाऊसं या शहरात किती असतील, ते आपण मोजा.

मी गॅरेजवाल्यांकडेही गेलो. चार ठिकाणी नाही म्हणाले, आणि त्यांचं कारणही अगदीच फालतू नव्हतं. बाहेरच्या माणसाच्या तेलात कूलंट, पाणी, रॉकेल काय काय मिसळलेलं असतं, त्याने त्यांचं आख्खं पिंप नासतं आणि पुढचा घेणारा भाव पाडतो. पाचवा मात्र आनंदाने घ्यायला तयार झाला, वर चहा पाजला. “कुठे जातं हे?” मी विचारलं. “शटरिंगवाला नेतो ना.” म्हणजे बिल्डिंगचा स्लॅब ओतताना फळ्या काँक्रीटला चिकटू नयेत म्हणून त्यांना काळं तेल फासतात, त्यासाठी. पहिल्या पावसात ते धुऊन परत त्याच नाल्यात. मी म्हटलं, पावती देशील का? तो हसला. “काका, लोक नवं ऑइल घेताना पावती मागत नाहीत.”

मी त्याला हसू शकलो नाही, कारण माझा हातही काळाच आहे. आमच्या गावच्या घराचे वासे-रिपा वाळवीपासून वाचावेत म्हणून वर्षानुवर्षं याच काळ्या तेलाचा हात देत आले. माझे वडील द्यायचे, मीही दिलाय, उघड्या हाताने, चिंधी बुडवून. अजूनही मे महिन्यात गावाला निघालो की चुलतभावाचा फोन येतो, “दादा, तेल आहे काय रे?” त्या तेलात झिजलेल्या धातूचे कण आणि अर्धवट जळलेल्या इंधनाची घाण असते, कातडीला ते वाईट, हे मला बोटीवरच्या सेफ्टी मीटिंगमध्ये कळलं. नंतर मी त्याला नाही म्हणायला लागलो. त्याला वाटतं मी मुंबईत विकतो.

दोन सरकारी कार्यालयांना फोन केले. कोणती ते लिहीत नाही. एका ठिकाणी बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि दुसरा नंबर दिला. दुसऱ्या ठिकाणी विचारलं, “किती टन?” मी म्हटलं, “नऊ लिटर.” पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही, मग फोन ठेवल्याचा आवाज.

कायदा नाही असं मुळीच नाही. २०१६च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं तेल बसतं, ते परवानगी असलेल्या कारखान्यालाच गेलं पाहिजे. पुनर्शुद्धीकरणात त्याचं पुन्हा चांगलं बेस ऑइल, म्हणजे नवं तेल ज्यापासून बनतं ते मूळ तेल, होतं, कारण तेल संपत नाही, मळतं. बोटीवरच्या प्युरिफायरच्या कितीतरी पुढचं काम ते. २०२३ साली केंद्राने आणखी एक पाऊल टाकलं: तेल बनवणाऱ्या आणि आणणाऱ्या कंपन्यांवरच वापरलेलं तेल गोळा होऊन शुद्ध होण्याची जबाबदारी घातली, आणि १ एप्रिल २०२४पासून ती लागू झाली. वाचून मला आनंद झाला होता. पण गॅरेज, वर्कशॉप, कारखाना यांच्यापासून ती साखळी सुरू होते. बाल्कनीतल्या माणसापर्यंत ती मला तरी येताना दिसली नाही. घरातल्या धोकादायक कचऱ्याची यादी २०१६च्या घनकचरा नियमांत दिली होती, तीही बघितली. रंगाचे डबे, कीटकनाशकांचे कॅन, ट्यूबलाइट, बॅटऱ्या, मुदत संपलेली औषधं, फुटलेला थर्मामीटर, सुया, इत्यादी. आमचं तेल त्या ‘इत्यादी’त होतं.

माझी मागणी फार मोठी नाही. मी तेलाचा नवा डबा ज्या दुकानातून घेतो त्याच दुकानाने माझं जुनं तेल परत घ्यावं. दर डब्याला अनामत म्हणून शंभर रुपये जास्त घ्या, जुनं तेल आणलं की परत करा. पूर्वी सोड्याच्या बाटलीला आपण अनामत ठेवतच होतो. पाणी मिसळलंय का याची भीती असेल तर गरम तव्यावर एक थेंब टाका, तडतडला तर घेऊ नका. आम्ही बोटीवर असंच बघायचो, लॅबचा रिपोर्ट यायच्या आधी. दुकानात जागा नसेल तर प्रत्येक वॉर्डात महिन्यातून एक रविवार, एक पिंप, एक माणूस आणि एक पावतीपुस्तक. जुन्या फिल्टरसाठी बाजूला एक बादली, कारण त्यातही पेलाभर तेल अडकलेलं असतं आणि तो मुकाट्याने सुक्या कचऱ्यात जातो.

स्वतःचं तेल स्वतः बदलावं या त्या वाचकाच्या मताला माझा पाठिंबा आहे. फक्त सगळ्या वाचकांनी ते पुढच्या रविवारी करायला घेतलं तर सोमवारी काय होईल, या विचाराने मी हे लिहायला बसलो.

विक्रोळी, भांडुप, मुलुंड, घाटकोपर या पट्ट्यात थोडं तेल घेणारा आणि सहीची पावती देणारा कुणी अधिकृत माणूस आपल्या वाचकांच्या माहितीत असेल, तर त्याचा पत्ता कृपया याच सदरात छापावा. मी जाऊन देईन, भाडं माझं. माझ्याकडे शाळेची एक दोनशे पानी वही आहे, बोटीवरच्यासारखे रकाने आखलेली. तारीख, किलोमीटर, किती भरलं, किती काढलं, कोणाला दिलं, सही. पहिल्या तीन ओळींत शेवटचे दोन रकाने रिकामे आहेत, आणि चौथ्या ओळीची वेळ गणपतीच्या आसपास येईल.

आपला,
एक निवृत्त ऑइलर
कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व)

(नाव छापू नये ही विनंती. सेक्रेटरी आपलाच पेपर घेतात.)